बाबांनी ओवलेले रंग

चादरी-अभ्र्यांच्या कापडावर छापायची नक्षी काढणं, हे माझं काम. आई गेल्यानंतरची सुट्टी संपवून मी गिरणीत परत आले तेव्हा हात नीट चालत होता, पण कागदावर जे उतरायचं ते आधीच कुठेतरी पाहिलेलं असायचं. आमच्या प्रमुख बाईंना आम्ही पाठीमागे मीटरबाई म्हणतो, कारण कुठलंही चित्र त्या किती मीटर खपेल याच नजरेनं बघतात. त्यांनी माझे कागद टेबलावर पत्त्यांसारखे पसरले.

"फुलं गोड आहेत," त्या म्हणाल्या. "पण ही तू मला आधी एकदा विकली आहेस."

"पाकळ्या वेगळ्या आहेत."

"पाकळ्या वेगळ्या, बघणाऱ्याला येणारी पेंग तीच. हे बघ, मी काही तुझ्या मानेवर बसत नाही. पण सोमवारी छपाईला काहीतरी द्यावंच लागेल. तुझं आलं नाही तर जुन्याच फुलांचे रंग बदलेन, आणि तुला काही दिवस कापडाच्या तपासणीत बसवीन. तिथे डोक्याला ताप नाही."

हे त्या मायेनं म्हणाल्या, म्हणून जास्त लागलं. नक्षी सोडून तपासणीत गेलेलं कुणी परत आलेलं मी पाहिलं नव्हतं.

घरी येऊन चित्रांची पुस्तकं उपसली. दुसऱ्या दिवशी कलादालनात गेले. तिथे एका म्हाताऱ्याच्या चित्रापुढे बराच वेळ उभी राहिले. त्याच्या करड्या कोटाच्या बाहीवर चित्रकारानं गुलाबीचा एक फटकारा ओढला होता. तिथे गुलाबी असायचं काही कारण नव्हतं, पण तो झाकून पाहिला तर कोटातला माणूसच नाहीसा व्हायचा. एवढं कळलं. बघणं जमत होतं, त्यापुढचं काही नाही.

शनिवारी आत्या आईचं कपाट आवरायला आली. घरातले सगळे रफू केलेले कपडे तिनं एका चादरीत टाकले आणि गाठ मारायच्या आधी बाबांकडे मोर्चा वळवला.

"दादा, तो स्वेटरही काढ. कोपर बघितलंस का? करड्यावर गुलाबी. वहिनीला काय सुचायचं, देव जाणे."

"ऊबदार आहे," बाबा पेपरातून म्हणाले.

"असेल. लोक म्हणतील, बायको गेली आणि याचं भानही गेलं."

"ते ती होती तेव्हाही म्हणायचे."

आत्या हसली, आणि मग उगाचच स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून आली.

बाबांनी जन्मभर चष्म्याच्या कारखान्यात भिंगं घासली. तरी आई शिवताना चष्मा लावायची नाही, नाकावरून घसरतो म्हणायची. "बायको चष्मेवाल्याची, आणि सुई ओवायला नवरा लागतो," हा आत्याचा ठरलेला टोमणा. कामावर निघण्यापूर्वी बाबा सुया ओवून शिवणाच्या छोट्या उशीला टोचून ठेवत, आणि आई त्या हाताला येतील तशा वापरी. बाबांना हिरवा आणि तपकिरी, करडा आणि गुलाबी वेगळे ओळखता येत नाहीत. आमच्या घरात हे कुणी कधी बोललं नाही. लहानपणी एकदा मी आईला म्हणाले होते, "पँट तपकिरी आहे आणि तू दोरा हिरवा घेतलायस."

"दिसतंय मला. तेवढं दिसतं."

"मग बदल ना."

"त्यांनी ओवलाय," आई म्हणाली आणि टाका घातला.

आता टेबलाच्या पलीकडे ते कोपर होतं. पेपर धरल्यामुळे बाहीचा तेवढाच भाग उजेडात आला होता. कलादालनातला म्हातारा मला आठवला, आणि हातानं पेन्सिल शोधली.

"आत्या, ते गाठोडं राहू दे."

"का गं? तू घालणार आहेस?"

"काढणार आहे."

बाबा स्वेटर उतरवायला तयार नव्हते, थंडी वाजते म्हणाले. म्हणून मी त्यांच्याच खणातलं भिंग घेऊन त्यांच्या कोपराशी खुर्ची ओढली. ते मधूनमधून विचारत, "पान उलटू का?" मी थांबा म्हटलं की तीच बातमी पुन्हा वाचत. मग मी गाठोडं सोडलं. पँटचे गुडघे, अभ्र्यांचे कोपरे, टॉवेलांचे काठ. रफूच्या चौकोनी जाळ्या मोठ्या करून एकमेकींशेजारी मांडल्या, की कागद श्वास घेऊ लागे.

रविवारी सकाळी मी तीच नक्षी जुळणाऱ्या रंगांत करून पाहिली, करड्यावर करडा, तपकिरीवर तपकिरी. नीटनेटकी दिसली आणि जागच्या जागी मेली. रंग बाबांचेच हवे होते. पण ते छापायचे म्हणजे आईनं जन्मभर जे बोलायचं टाळलं, ते मी दुकानादुकानांतून टांगायचं. ते नको म्हणाले तर हा कागद मी मीटरबाईंना दाखवणार नव्हते, मग तपासणी तर तपासणी.

दुपारी मी तो त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी तो लांब धरून पाहिला, मग जवळ. "हे माझं कोपर आहे."

"हो. आणि बाकीचं आईनं शिवलेलं. छापायला देऊ का?"

"रंग?"

"दोऱ्यांचे होते तेच घेतलेत."

त्यांनी कागद टेबलावर ठेवला. "एक विचारू? मी कामावर गेलो की ती ते उसवून पुन्हा शिवायची का? तिला विचारायचं राहिलं. म्हणजे, धीर झाला नाही."

"नाही," मी म्हणाले. "मी सगळं भिंगाखाली पाहिलंय. कापड उसवलं की जुन्या टाक्यांची भोकं राहतात. कुठेच नाहीत. तुम्ही जो दोरा ओवलात तोच आहे."

बाबांनी चष्मा काढला आणि स्वेटरच्या टोकानं पुसत राहिले. लोकरीनं काच पुसू नका, असं ते आयुष्यभर सगळ्या जगाला सांगत आले होते. मग तो लावून पुन्हा कागदावर वाकले.

"मग दे," ते म्हणाले. "फक्त हा हिरवा जरा वाढव. कमी पडतोय."

त्यांचं बोट तपकिरीवर होतं.

"वाढवते," मी म्हणाले, आणि तपकिरी रंगाची बाटली पुढे ओढली.