वर-खाली नळ्यांची बंदूक

आधीच सांगून ठेवतो, माझं डोकं लवकर सटकतं. सुदामकाकाच्या बाबतीत तर ते गेल्या दसऱ्यापासून सटकलेलंच होतं. माझ्या बाबांचा उजवा डोळा त्याच्यामुळे गेला, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. फक्त पुरावा हवा होता, आणि तो उल्हासनगरला परसराम शेठच्या बंदुकीच्या दुकानात पडून होता.

बंदूक आजोबांची. भातात डुकरं शिरतात म्हणून लायसन काढलेलं. नेहमीच्या दुनळीत नळ्या शेजारी-शेजारी असतात, आमच्या बंदुकीत एकीवर एक. अख्ख्या जांभूळ गावात तशी दुसरी नाही. दसऱ्याला आई तिला देवासमोर उभी करायची, हळद-कुंकू, अक्षता, झेंडूचा हार, सगळं साग्रसंगीत.

त्या दसऱ्याला दुपारी काका सोनं द्यायला आला आणि बंदूक हातात घेऊन उगाच न्याहाळत बसला. जमीन बिल्डरला द्यायची की नाही यावरून तेव्हा दोघा भावांची जुंपली होती. काकाला द्यायची होती, बाबांना नाही. संध्याकाळी दिवेलागणीला भातात डुकरं घुसली. बाबांनी बंदूक देवासमोरून तशीच उचलली, घाईघाईत काडतुसं भरली आणि शेतात जाऊन बार काढला. खालची नळी तोंडाशी फाटली. लोखंडाची कपची सरळ डोळ्यात.

काका सगळ्यांच्या आधी तिथे पोचला होता. आम्ही बाबांना धरलं, आणि हा गवतात वाकून काहीतरी वेचत होता! वेचलं आणि खिशात घातलं. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. वर बंदुकीला कोणाला हात लावू दिला नाही, स्वतःच पोलीस स्टेशनला घेऊन गेला. पोलिसांनी ‘जुनी बंदूक फुटली’ म्हणून विषय संपवला आणि ती शेठकडे जमा झाली.

बाबांना काही विचारलं की म्हणायचे, "सुदामचं नाव घ्यायचं असेल तर माझ्या घरात राहू नको." घ्या! आई मात्र काका दारावरून गेला की त्याला ऐकू जाईल असं ओरडायची, "मेल्या, भावाचा डोळा खाल्लास! तुझं भलं नाय व्हायचं!" काका मान खाली घालून निघून जायचा. मनात चोर असल्याशिवाय कोण एवढं ऐकून घेईल, सांगा.

मी ठरवलं, काकाला आत टाकायचाच. शेठकडे गेलो. त्याने बंदूक काउंटरवर ठेवली, तर मला त्याचाही संशय.

"शेठ, ही आमचीच कशावरून? लाकूड तर नवं दिसतंय."

"अरे तेल लगाया है, शुकर मना," शेठ वैतागला. त्याने नळ्यांखालचं लाकूड काढलं आणि नळीवरचा आणि बॉडीवरचा नंबर दाखवला. दोन्हीकडे एकच. "पुरानी चीज है. इसका चेंबर छोटा. आजकल का लंबा काडतूस डालने का नहीं."

मी उसळलो. "म्हणजे काकाने मुद्दाम लांब काडतुसं ठेवली!"

"वो होता तो पीछे से फटती. ये आगे से फटी है. मतलब आगे कुछ फंसा था."

"तेच तर! त्यानेच कोंबलं असणार!"

शेठने जोर लावून बंदूक मधून वाकवून उघडली आणि वरची नळी उजेडाकडे धरली. पलीकडचं काही दिसेना. "ये भी बंद है," तो बोलला, आणि त्याने मागून गज सारला. नळीच्या तोंडातून एक बोळा टपकन काउंटरवर पडला.

मी तो उलगडला. हिरवं कापड, हळदीने पिवळं झालेलं, आत अक्षतांचे दाणे. आईच्या जुन्या ब्लाउजचं कापड. त्याच्याच फडक्याने ती अजून देवाची भांडी पुसते. मग आठवलं. अपघाताच्या आदल्या वर्षी दसऱ्याला बाबा तिच्यावर केवढे खेकसले होते, "तुझ्या कुंकवाने नळ्या गंजल्या!" म्हणून गेल्या दसऱ्याला तिने बोळे घातले होते. पूजा झाल्यावर काढायचे राहिले असतील.

 बोळा खिशात घालून थेट काकाच्या दारात गेलो.

"काका, गवतातून काय उचललं होतंस? हिरवी चिंधी?"

काकाने मला आत ओढून दार लावलं. "जळक्या चिंध्या होत्या. तुझ्या बापाला दवाखान्यात दाखवल्या. तो बोलला, तुळशीला कळलं तर अन्नाला शिवायची नाय. कोणाला सांगू नको."

"आणि ती तुला वर्षभर शिव्या घालते, त्याचं काय?"

"वैनी हाय ती माझी. शिव्या घालते, पण जेवते तरी ना?"

मला इतकी लाज वाटली की त्याच्या पाया पडायचंही सुचलं नाही. तसाच घरी आलो.

आई दारातच उभी होती. "काय निघालं बंदुकीत? सापडला ना चोर?"

"कोणी चोर नाय, आई. काकाने काही केलं नाही. नळी आतून गंजली होती, म्हणून फुटली."

बाबा खाटेवर बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच मान डोलावली.

"गंजली?" आई चवताळलीच. "मला येडी समजतो काय? शेठने फसवलं तुला. गंजेल कशी? कुंकू आत जाऊ नये म्हणून मी त्या दसऱ्याला पळीच्या दांड्याने चांगले खोल बोळे..."

तिने माझ्याकडे बघितलं, मग बाबांच्या डोळ्याकडे, आणि उंबऱ्यावर मटकन खाली बसली.

"तुळशी," बाबा बोलले, "चहा ठेव."

ती हलली नाही. बाबा एक हात भिंतीला लावत उठले, स्वयंपाकघरात गेले आणि चहाचं आधण त्यांनीच ठेवलं. मला आतून हाक मारून विचारलं, साखर कुठल्या डब्यात असते.