चार बोटं अलीकडे

दंतवैद्यांनी आपला बिलियर्ड्सचा क्यू टेबलावर ठेवला तो एखाद्या रुग्णाला खुर्चीत निजवावं तसा, हलकेच, तोंड वर करून.

“बघा बरं याला काय झालंय. चार-पाच महिने झाले, बोटांतून सरकतच नाही. मध्येच अडतो. परवा पॉकेटच्या तोंडाशी उभा असलेला चेंडू चुकवला मी! पोरंटोरं तोंडं फिरवून हसत होती.”

“हसू दे हो. त्यांचेही दात कधीतरी किडतीलच,” दांडेवाली म्हणाली.

दंतवैद्यांना हसू आलं नाही. ते आपल्या उजव्या हाताकडे पाहत होते. या हाताने आता उतरणीला लागायचं ठरवलं आहे की काय, ही शंका त्यांना इथवर घेऊन आली होती, आणि तिचं उत्तर त्यांना लाकडाकडून हवं होतं.

क्लबांमधून तिला दांडेवालीच म्हणत. क्यूचा पुढचा निमुळता भाग, खेळणाऱ्याच्या बोटांच्या वेढ्यातून मागे-पुढे होणारा मेपलचा दांडा, स्वच्छ करायचा, त्याचे पोचे काढायचे आणि शेवटी सीलरचा हात देऊन लाकडाची बारीक रंध्रं बुजवायची, हे तिचं काम. जिन्याखालची तिची खोली अर्धी जमिनीत होती. खिडकीतून रस्त्याची फक्त पावलं दिसत, आणि आत तिला माणसांचे फक्त हात दिसत. घामट हात, पावडर थापणारे हात, चेंडूवर राग काढणारे हात. प्रत्येक जण दांड्यावर आपलं काहीतरी सोडून जाई. खेळ मात्र तिने जन्मात पाहिला नव्हता. चपलांवरून चेहरे ताडावेत तसं तिचं चाललं होतं, आणि त्या ताडण्याचा तिला नाद होता.

तिने क्यूचे दोन भाग सुटे केले, पुढचा दांडा काचेवर गडगडवून पाहिला. सरळ होता. मग दिवा आडवा धरून तिने एका जागी स्पिरिटचं फडकं फिरवलं. निळसर मळ एका फेरीत उठून आला, आणि ती थबकली.

मळालाही वय असतं. जुना मळ लाकडाच्या आत मुरतो, हातापाया पडल्याशिवाय निघत नाही. हा कालपरवा आलेल्या पाहुण्यासारखा होता. त्याच्याखाली लाकूड इतकं नितळ होतं की कुणीतरी ते वर्षानुवर्षं मायेने घासलं असावं.

“किती जुना हा?”

“लग्नाच्या आधीचा.”

“पुसता रोज?”

“छे! कधी फडकं लावलं नाही. माझ्या हाताची सवय आहे त्याला.”

“मग दुसऱ्या कुणीतरी लावलंय. आणि तुम्ही अंगठी घालता?”

“दिवसभर लोकांच्या तोंडात हात असतो माझा. अंगठी कुठली घालतोय?”

“मग या रेघा तुमच्या नाहीत.” तिने भिंग पुढे केलं. लाकडाच्या लांबीवर केसाएवढ्या बारीक रेघा होत्या, एकीशेजारी एक, पिकलेल्या केसांच्या बटेसारख्या. “तर्जनीत अंगठी असली की दांडा तिला घासत जातो. डॉक्टर, तुमच्या क्यूने दुसरं कुणीतरी खेळलंय.”

नवं नक्षत्र सापडावं अशा आनंदात ती हे बोलून गेली. दंतवैद्यांचा चेहरा मात्र लाल झाला.

“मार्कर!” ते म्हणाले. मार्कर म्हणजे क्लबात टेबलं झाडणारा, गुण मांडणारा, सभासदांच्या कपाटांच्या किल्ल्या सांभाळणारा माणूस. “बोटात ही एवढी अंगठी मिरवतो! माझा क्यू दुसऱ्यांना खेळायला देतो काय लेकाचा?”

“अहो, मी नुसतं—”

“तुम्ही तुमचं काम केलंत. आता मी माझं करतो.”

खिडकीतून त्यांचे बूट तरातरा निघून जाताना दिसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. “सेक्रेटरींच्या कानावर घातलं. आज संध्याकाळी त्याला काढतायत. काल मी तोंडावर विचारलं त्याला, माझं कपाट कुणासाठी उघडतोस म्हणून. हूं नाही की चूं नाही, नुसती मान खाली. याहून वेगळी कबुली काय असते?”

“डॉक्टर, घाई करू नका.”

“कीड लागली की घाईच करावी लागते बाई. क्यू न्यायला दुपारी घरून पाठवतो. माझ्याकडे आज दुपारीही दाढांची रांग आहे.”

आपल्या जिभेला हाड नाही हे दांडेवालीला ठाऊक होतं. पण त्या बिनहाडाच्या जिभेमुळे कुणाच्या पोटावर पाय यावा, हे तिला सोसवेना. आणि पंचाईत अशी की पुरावा तिच्यापुढे होता आणि तो पुसून टाकण्याचंच काम तिने घेतलं होतं. तिने फडकं बाजूला ठेवलं. भिंग डोळ्याला लावून ती दांड्यावरून इंच-इंच सरकू लागली.

पहिली गोष्ट तिच्या लगेच ध्यानात आली. रेघा मळाच्या खाली होत्या. मळाला चिरून गेलेली एकही नव्हती. म्हणजे मळ साचू लागण्याआधीच तो अंगठीवाला हात थांबला होता. मार्कर तर रोज तिथेच असे. दुसरी गोष्ट तिने बोटं टेकवून मोजली. दंतवैद्यांच्या मळाचा पट्टा जिथे संपत होता, तिथपर्यंत रेघा पोचतच नव्हत्या. टोकाकडून निघालेल्या त्या चार बोटं अलीकडेच थांबत होत्या. मागे-पुढे करताना ज्याचा हात कमी लांब जातो, अशा आखूड हाताचा माणूस हा. मार्करला ती ओळखत होती. क्लबाच्या क्यूंचा भारा खांद्यावर घेऊन तो इथे यायचा तेव्हा दारातून वाकून आत यावं लागे त्याला. हात तर गुडघ्यांशी गप्पा मारणारे. आणि तिसरी गोष्ट, तो दर खेपेला दांडा पुसून ठेवत होता. चोर खरा, पण जाताना घर झाडून जाणारा.

कोण असेल हा? तिने कल्पनेत कितीतरी हात त्या दांड्यावर ठेवून पाहिले. एकही बसेना.

पण तोवर काम थांबवून चालणार नव्हतं. तिने मळ काढला. दोन पोच्यांवर ओलं फडकं टाकून त्यावरून गरम इस्त्री टेकवली. वाफ लागताच दबलेले तंतू फुगून आपापल्या जागी आले. रेघा मात्र फुगत नाहीत, कारण तिथलं लाकूड गेलेलंच असतं. त्या समूळ घालवायच्या तर दांडा बारीक झाला असता, म्हणून तिने बारीक पॉलिश पेपरचा एक हलका हात फिरवून त्यांना तशाच राहू दिलं. मग सीलर, तो वाळण्याची वाट, आणि लेथवर फिरत्या दांड्याला चामड्याची पट्टी, तळव्याला चटका बसेपर्यंत. लाकडावर आतून उजळल्यासारखी झळाळी आली.

दुपारी खिडकीत भरभर चालणाऱ्या चपला दिसल्या आणि दारात एक ठेंगणी, चटपटीत बाई उभी राहिली.

“डॉक्टरांचा क्यू झाला का हो ताई? मी त्यांची बायको.”

“हात फिरवून बघा.”

बाईंनी क्यू घेतला. दुसरं कुणी असतं तर त्याने अंगठ्याने चाचपून ‘छान’ म्हटलं असतं. या टेबलावर ओणवल्या, डावा पंजा फळीवर टेकला, तर्जनीचा वेढा दांड्याभोवती घातला आणि क्यू सरसर मागे-पुढे केला. हनुवटी खाली, श्वास रोखलेला. तर्जनीत तारेसारखी बारीक अंगठी होती. आणि दांडा त्या वेढ्यात जिथवर जात होता, तिथून डॉक्टरांच्या मळाचा पट्टा संपला होता तिथपर्यंत चार बोटं उरत होती.

“बाई, तुम्ही खेळता,” दांडेवाली हळूच म्हणाली.

“मी? काहीतरीच! आमच्याकडे खेळतात ते डॉक्टर. मी फोन घेते आणि नंबर लावते.”

“मग हात असा कसा बसला?”

बाईंनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. तो अजून तसाच, बोट वळवून, फळीवर ठाण मांडून होता.

“चुगलखोर मेला,” त्या हाताला म्हणाल्या, आणि स्टुलावर बसल्या.

त्यांचं सांगणं थोडक्यात होतं, पण साठलेलं होतं. “दुपारी दवाखाना बंद असतो. हे घोरत पडतात; घर हाललं तरी जाग यायची नाही. क्लबात तेव्हा काळं कुत्रं नसतं. पूर्वी एकदा यांनीच शिकवायला नेलं होतं. पहिल्याच दिवशी म्हणाले, तुझा हात तोकडा आहे, तुझ्याने व्हायचं नाही. म्हटलं, जरा जमलं की दाखवू. मग जमलं. मग यांच्याहून बरं जमायला लागलं. आता सांगा, असली गोष्ट नवऱ्याला कोणत्या तोंडाने सांगायची?”

“आणि क्यू त्यांचाच?”

“क्लबाचे क्यू म्हणजे झाडूचे दांडे हो! खेळून झालं की चामड्याने पुसायचा, होता तसा ठेवायचा. चार-पाच महिन्यांपूर्वी मी स्वतःचा घेतला, तेव्हापासून यांच्याला हात नाही लावला.” त्या थांबल्या, आणि एकदम हसू लागल्या. “अगं बाई! म्हणजे माझ्या चोरीवर यांचा खेळ चालला होता!”

“पण आज मार्करला काढतायत.”

हसू विझलं. “कुणाला? मला म्हणाले, क्लबात जरा भानगड आहे. आणि तो काहीच बोलला नाही?”

“मान खाली घालून उभा होता म्हणे.”

“मीच त्याला म्हटलं होतं, दादा, काही झालं तरी माझं नाव घेऊ नका.” बाई अंगठी बोटात गोल गोल फिरवत राहिल्या. सांगितलं तर संसारभर झाकलेली गोष्ट उघडी पडत होती. गप्प राहावं तर एक माणूस संध्याकाळी घरी बसत होता. फार वेळ लागला नाही. “ताई, दुकान जरा बंद करता? लाकडाचं तुम्ही सांगा, बाकीचं मी सांगते. एकटी गेले तर म्हणतील, त्याला वाचवायला रचलंय.”

दांडेवालीने भर दुपारी कधी कुलूप लावलं नव्हतं. आज लावलं. मार्करसाठी हे खरंच. पण हे सगळे दांडे जिथे जगून येतात ती जागा एकदा पाहायची होती, हेही तितकंच खरं.

क्लब म्हणजे लांबट, थंड खोली होती. हिरव्या कापडांवर बुटके दिवे लोंबत होते आणि बाकी सगळीकडे अंधार. दारालगत मार्कर टेबलावरचं आच्छादन घडी करत होता. भिंतीशी त्याची पिशवी भरून ठेवलेली होती. बाईंनी वाटेतून फोन केल्यामुळे दंतवैद्य दवाखान्याच्या पांढऱ्या डगल्यातच धावत आले.

“काय झालं? दाढ अर्धी सोडून आलोय मी!”

दांडेवालीने मळ, रेघा आणि चार बोटं समजावून सांगितली. मग बाईंनी आपली अंगठी पुढे केली. दंतवैद्य अंगठीकडे, क्यूकडे, बायकोकडे पाहत राहिले.

“कधीपासून?”

“धाकटी शाळेत जायला लागली तेव्हापासून.”

“धाकटीचं लग्न झालं!”

“हो, मी होते की तिथे.”

मार्करच्या घशातून कसलासा आवाज आला. दंतवैद्य त्याच्याकडे वळले. “आणि तू रे? काल तोंड का उघडलं नाहीस?”

“डॉक्टर,” मार्कर म्हणाला, “तुमच्यापुढे तोंड उघडायला कुणाला आवडतं?”

दंतवैद्य मटकन बाकावर बसले. “आणि मी समजत होतो, माझा हात उतरला.”

“हाताला काही झालेलं नाही. मळ चढला होता नुसता,” दांडेवाली म्हणाली.

पण ते तेवढ्यावर सुखावले नाहीत. तोकडा हात म्हणालो होतो, हे त्यांना आठवत असावं. त्यांची नजर पुन्हा पुन्हा बायकोच्या हाताकडे जात होती. शेवटी त्यांनी फोन काढला. “सेक्रेटरी, माझी तक्रार मागे. हो, पूर्ण मागे. माझीच चूक झाली. नाही, चोरी नाही, घरचंच माणूस आहे.” फोन ठेवून ते मार्करपुढे उभे राहिले. मग त्यांनी त्याची पिशवी उचलून पुन्हा किल्ल्यांच्या खुंटीखाली नेऊन ठेवली.

“एक सांग. ही बरी खेळते? म्हणजे… माझ्यापेक्षा?”

मार्करने छताकडे पाहिलं. “मी गुण मांडतो डॉक्टर, मत देत नाही.” आणि त्रिकोणात चेंडू लावत त्याने विचारलं, “ब्रेक कुणाचा? पहिला फटका कोण मारतंय?”

दंतवैद्यांनी झळाळणारा क्यू बायकोपुढे धरला. तिने तो नाकारून कोपऱ्यातल्या कपाटातून आपला आणला, टोकाला खडू लावला आणि ती टेबलावर ओणवली.

“जरा उजेडातून बाजूला व्हा,” ती म्हणाली, आणि डॉक्टर झाले.