जानव्याची चाबी

दसऱ्यापासून शर्मिष्ठाबाईंच्या मागे एकच टुमणं लागलं होतं. म्हणे तुम्ही गाडीची चाबी चालूच ठेवता, म्हणून बॅटरी बसते. टुमणं लावणारा त्यांचा धाकटा दीर शिरीष, ज्याला त्या गाडीचं बॉनेट कुठून उघडतं हेही ठाऊक नव्हतं. पण उंटावरून शेळ्या हाकायला बॉनेट कशाला उघडावं लागतं?

गाडी सासऱ्यांची. यशवंतरावांनी हौसेनं घेतलेली लाल, दोन दारांची, कापडी टपाची जुनी विलायती स्पोर्ट्स कार. दोन्ही मुलांनी तिच्याकडे कधी ढुंकून पाहिलं नाही, तेव्हा म्हाताऱ्यानं सुनेलाच शिकवलं, चालवायलाही आणि दुरुस्त करायलाही. ते गेल्यावर दर रविवारी सकाळी शर्मिष्ठाबाई ब्राह्मणपाऱ्यातल्या घरून निघून तलावाला चक्कर मारून येत. आठवडा घरादाराचा, तेवढा तास त्यांचा. तोच आता जाणार होता. शिरीषनं पंडरीच्या कापडबाजारातला एक कापडवाला गिऱ्हाईक म्हणून गाठला होता. गाडी दोघा भावांच्या नावावर, म्हणून देवदत्तचा, म्हणजे शर्मिष्ठाबाईंच्या नवऱ्याचा होकार लागत होता, आणि तो त्यानं देऊनही टाकला.

“तुले आता ध्यान राहत नाही शर्मिष्ठा,” तो म्हणाला. “जाऊ दे.”

दिराचं बोलणं त्यांनी गिळलं असतं. नवऱ्याचं ते ‘आता’ मात्र घशात अडकलं. चाबी काढून खुंटीला लावते, असं त्यांनी किती वेळा सांगितलं होतं. कोणी जाऊन खुंटी पाहिली नाही. बाईनं गाडीबद्दल सांगितलं की ते खरं असू शकतं, एवढंही या घराला सुचू नये याची त्यांना चीड आली.

गिऱ्हाईक यायच्या दिवशी त्यांनी पदर खोचला आणि गाडीपाशी बसल्या. बॅटरी चार्ज करून आणलेली होती, मीटर लावला तर भरलेली दाखवली. इंजिन सुरू केल्यावर आकडा आणखी चढला, म्हणजे डायनॅमो आपलं काम करत होता. पट्टाही ताठ होता. भरणं नीट होत असेल तर गळती दुसरीकडे असणार, हे सासऱ्यांनी शिकवलेलं पहिलं गणित. त्यांनी गाडी बंद केली, चाबी खुंटीला लावली, सीटमागे बसवलेल्या बॅटरीची एक वायर सोडली आणि मधे तपासणीचा छोटा दिवा जोडला. गाडीत सगळं बंद असताना दिवा पेटायला नको. तो पेटला.

या गाडीला फ्यूज दोनच. दोन्ही काढले तरी दिवा तसाच. म्हणजे कोणीतरी फ्यूजला बगल देऊन थेट बॅटरीतून वायर ओढली होती. तिथला गालिचा आणखी उचलल्यावर ती सापडली, गणपतीच्या आराशीला वापरतात तसली पातळ पिवळी. ती खालून सरळ डॅशबोर्डच्या कप्प्यात शिरली होती.

त्या कप्प्याला कुलूप होतं. दसऱ्याच्या वाहनपूजेला शिरीषनं आत गणपती बसवला आणि कप्प्याची चाबी आपल्या जानव्याला बांधून टाकली. देवाची जागा, बाईमाणसाचा हात कधी चालतो कधी नाही, असं तेव्हा त्यानं सगळ्यांसमोर म्हटलं होतं. शर्मिष्ठाबाईंना ते शब्द जसेच्या तसे आठवले. बॅटरी बसू लागली तीही दसऱ्यापासूनच. त्यांनी पक्कड हातात घेतली आणि परत ठेवली. वायर इथेच कापली असती तर आत काय होतं हे कोणाला दिसलं नसतं.

कापडवाला आला, दोघे भाऊ आले. शर्मिष्ठाबाईंनी शिरीषला कप्पा उघडायला सांगितलं.

“वहिनी, तो देवाचा कप्पा आहे. त्याले काहून हात लावून राहिल्या?”

“मी कुठे हात लावते? तुम्हीच उघडा.”

शर्टाच्या गळ्यातून जानवं ओढत, वाकड्या मानेनं त्यानं चाबी लावली. आत गणपती होता आणि त्याच्या मागे लाल बल्ब जळत होता. दसऱ्यापासून, रात्रंदिवस, बंद कप्प्यात, जिथे त्याला पाहणारं कोणी नव्हतं.

“तो तर देवाचा दिवा आहे,” शिरीष म्हणाला. “देवापुढचा दिवा विझू देत नाहीत. त्याले काय करंट लागते?”

शर्मिष्ठाबाईंनी वायर उपटली. बल्ब विझला, आणि मागे सीटपाशी तपासणीचा दिवाही विझला.

कापडवाला तेवढा खूश झाला. “तब तो गाडी एकदम ठीक है, भैया. कागज बनवा लेते हैं.” शिरीषचाही चेहरा खुलला. दोष निघाला म्हणजे भाव चढला. बाईचा तास कोणाच्या हिशेबातच नव्हता. शर्मिष्ठाबाईंनी एकदाच नवऱ्याकडे पाहिलं.

देवदत्तनं मान खाली घातली. “मी सही नाही करत शिरीष. गाडी हिच्यापाशी राहू दे.” मग बायकोकडे वळून हळूच म्हणाला, “तू मले पहिलेच सांगायचं होतं ना.”

“सांगितलं होतं,” शर्मिष्ठाबाई म्हणाल्या. “तुम्ही खुंटी नाही पाहिली. माझं वय पाहिलं.”

बल्ब त्यांनी शिरीषच्या हातावर ठेवला, गणपती जागेवर राहू दिला आणि कप्प्याची चाबी मागून घेतली. ती सोडवायला शिरीषला बराच वेळ लागला, गाठ देवाच्या नावानं मारलेली होती. बॅटरीची वायर जोडून त्यांनी स्टार्टर दाबला. इंजिन पहिल्या झटक्यात बोललं.

देवदत्तनं दुसरं दार उघडून एक पाय आत टाकला. “चल, तलावाकडे जाऊन येऊ.”

“तुमची स्कूटर आहे ना,” त्या म्हणाल्या, आणि त्यानं पाय काढेपर्यंत थांबल्या.