घरचा नंबर छत्तीस

मित्रांनो, माझं साठाच्या टोकाचं पितळी टोपण केव्हाच पडलं आहे आणि मधले बरेच आकडे बोटांनी घासून पुसट झाले आहेत. शून्याचं टोक मात्र शाबूत आहे, तेव्हा माझ्या शब्दावर शंका नको. मी शिंप्याची जुनी टेप. एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर. सध्या माझा मुक्काम चिखलीतल्या एका छोट्या दुकानात, खिळ्यावर. हल्ली माझा फार गोंधळ होतो. तो कुणाला तरी सांगावा म्हणून आज तोंड उघडलं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला माहीत नाही. आठवतं ते थेट हनीफभाईंच्या गळ्यापासून. कासारवाडी स्टेशनजवळ त्यांचं पॅन्ट-शर्ट शिवायचं दुकान होतं. सकाळी शटर वर गेलं की मी त्यांच्या गळ्यात, ते रात्री शटर खाली येईपर्यंत. दिवाळी जवळ आली की बोनसच्या कापडाचे गठ्ठे काखेत मारून कंपन्यांमधले कामगार यायचे. हनीफभाई मला गिऱ्हाइकाच्या छातीभोवती फिरवायचे आणि खणखणीत आवाजात ओरडायचे, "छाती चाळीस!" आतल्या टेबलाशी बसलेली त्यांची बायको सुरय्या तितक्याच मोठ्यानं म्हणायची, "लिहिलं! पुढं?"

अहाहा, काय दिवस होते ते! आकडा साऱ्या गल्लीला ऐकू जायचा आणि कुणालाच त्याचं काही वाटायचं नाही. बबनराव नावाचे एक फिटर होते. पोट आत ओढून उभे राहायचे. हनीफभाई म्हणायचे, "श्वास सोडा राव, पॅन्ट घालून जेवायचंय तुम्हाला." बबनरावांनी श्वास सोडला की मी सरसर पुढे जायची आणि आरोळी उठायची, "कंबर बेचाळीस!" समोरच्या चहाच्या टपरीवरचे लोक हसायचे, बबनरावही हसायचे. आकडा म्हणजे आकडा. तो मोठ्यानं सांगायचा आणि त्याप्रमाणे कापड कापायचं, एवढंच मला ठाऊक होतं. लोक माझं कौतुक करायचे. मी जरा फुशारले होते, हे खरं.

पुढे तयार कपड्यांची दुकानं झाली. हनीफभाईंची नजरही अधू झाली, सुईत दोरा जाईना. कासारवाडीचं दुकान बंद झालं. सुरय्याभाभींनी चिखलीत गाळा घेऊन बायकांच्या आतल्या कपड्यांचं दुकान थाटलं. ब्रा, निकर, स्लिप, परकर. हनीफभाई बाहेर ओट्यावर शिलाई मशीन टाकून पॅन्टची लांबी कमी करून देतात, तेही रस्त्याकडे तोंड आणि दुकानाकडे पाठ करून. बायकांना अवघडल्यासारखं वाटू नये म्हणून त्यांनीच मशीन तसं फिरवून घेतलं. मला भाभींनी आत खिळ्याला अडकवलं. आणि मित्रांनो, इथून माझा गोंधळ सुरू झाला.

बायका यायच्या, आधी मागे वळून रस्त्याकडे पाहायच्या आणि मग काउंटरवर वाकून कानात सांगितल्यासारखं पुटपुटायच्या, "चौतीस द्या." चौतीस कुणी काढला? मी तर खिळ्यावर! भाभी विचारायच्या, "मोजून घेऊ का, ताई?" की बाई दोन पावलं मागे. "नको नको, मला माहितेय." कुणी लग्नात घेतलेला नंबर सांगायची, कुणी बहिणीचा. एकीनं तर ब्रा दोन्ही हातांनी ताणून पाहिली आणि "बसेल" म्हणून घेऊनही गेली. वस्तू आधी कागदात, मग काळ्या पिशवीत, मग पर्समध्ये. बबनरावांची कंबर गल्लीभर चालायची आणि इथे साधा आकडा उच्चारायची चोरी! माझ्या हातून काही चुकलं की काय, असं मला वाटू लागलं. मला फार वाईट वाटायचं.

एका रविवारी दुर्गाबाई आल्या. सोबत त्यांची सून, विजयश्री. ही मंडळी मूळची बीडकडची, मुलगा इथे कंपनीत लागला म्हणून आलेली. दुर्गाबाईंनी पिशवी काउंटरवर ठेवली. ब्राला त्या बॉडी म्हणायच्या. "भाभी, छत्तीसच्या सहा बॉडी द्या. पांढऱ्याच द्या."

"कुणासाठी?"

"घरासाठी. तीन माझ्या, तीन हिच्या. आमच्या घरचा नंबर छत्तीस हाय."

घरचा नंबर! घराला दाराचा नंबर असतो, विजेच्या मीटरचा असतो, हे मी ऐकून होते. हे नवीनच. मी खिळ्यावरून दोघींकडे पाहिलं. दुर्गाबाई अंगानं भरलेल्या. विजयश्री शेलाटी. दोघींना एकच आकडा कसा, मला काही केल्या कळेना.

दुर्गाबाई परकराचे रंग पाहायला कोपऱ्यात गेल्या, तशी विजयश्री भाभींच्या जवळ सरकली. चाकणला एका कंपनीत ती गाड्यांच्या वायरिंगच्या लाइनवर होती. समोर उभा बोर्ड, आणि दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन वायरी बसवायच्या. "भाभी, हात वर केले की हे सगळं वर सरकतं. पट्टे आवळून आवळून खांद्यात रुतलेत, तरी सरकतंच. मग हात खाली घेऊन ओढावं लागतं. तेवढ्यात लाइन पुढं जाते." तिचा आवाज आणखी खाली गेला. "सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणाले, मॅडम, हात बोर्डवर ठेवा. दोनदा लाइन थांबली माझ्यामुळं. या महिन्याअखेर काँट्रॅक्ट संपतंय. हात असेच खाली येत राहिले तर पुढचं देणार नाहीत. आणि त्या माणसाला मी काय कारण सांगू?"

भाभींनी माझ्याकडे हात केला. तेवढ्यात दुर्गाबाई परतल्या. विजयश्रीनं मान खाली घातली. सहा छत्तीस काळ्या पिशवीत गेले.

पण दोन दिवसांनी ती एकटी आली, कंपनीच्या फिकट निळ्या शर्टात, बसमधून उतरून तशीच. "मोजा, भाभी," ती म्हणाली. किती वर्षांनी मी खिळ्यावरून उतरले! पडद्यामागे भाभींनी मला तिच्या छातीखाली, बरगड्यांभोवती सपाट फिरवलं. माझी तर तारांबळ उडाली. कारण ती लाजून श्वास धरायची, मग सोडायची, आणि माझा आकडा पुढेमागे व्हायचा. "श्वास सोड बेटा, निवांत उभी राहा," भाभी म्हणाल्या. बत्तीस. झालं, असं समजून मी गुंडाळून घ्यायला लागले, तर भाभींनी मला पुन्हा वर, छातीच्या भरीव भागावरून फिरवलं. पस्तीस.

आता यातला खरा कुठला? एका माणसाचे दोन आकडे? भाभी म्हणाल्या, "खालचा बत्तीस, तोच नंबर. वरचा तीन इंचांनी जास्त, म्हणून कप सी." सी? मित्रांनो, मी स्वतःला या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासलं. माझ्यावर इंच आहेत, सेंटिमीटर आहेत. सी कुठेच नाही. पण भाभी इतक्या शांतपणे बोलल्या की मी तपासणं सोडून दिलं.

"बत्तीस? मी छत्तीस घालतेय इतके दिवस!" विजयश्री म्हणाली.

"म्हणून तर सरकतं. भार खालच्या पट्ट्यानं उचलायचा असतो. तो सैल, म्हणून तू खांद्याचे पट्टे आवळतेस."

मग दुसरा घोळ. बत्तीस सी लिहिलेली पहिली ब्रा तिला काखेत बोचली. दुसऱ्या कंपनीची तीच बत्तीस सी कपात सुरकुतली. म्हणजे मी खोटी पडले? मला घाम फुटायचा बाकी होता. भाभी मात्र हसत होत्या. "टेप दार दाखवते, आत जाऊन पाहावं लागतं. प्रत्येक कंपनीचं कापणं वेगळं." तिसरी बसली. हूक भाभींनी सगळ्यात बाहेरचा लावला, कारण वापरून पट्टा सैल पडतो, तेव्हा आतले हूक कामाला येतात. खांद्याच्या पट्ट्याखाली दोन बोटं सरकवून पाहिली. तशाच दोन दिल्या, अंगाच्या रंगाच्या. विजयश्री म्हणाली, "पांढरी द्या ना, शर्ट फिका आहे." भाभी म्हणाल्या, "फिक्या कापडाखाली पांढरी जास्त उठून दिसते." हेही मला समजलं नाही, पण शर्ट चढवल्यावर खरंच काही दिसेना.

"आता बोर्ड," भाभी म्हणाल्या.

विजयश्रीनं दोन्ही हात वर नेले, जणू समोर वायरी लटकताहेत. डावीकडे, उजवीकडे, पार वरपर्यंत. काहीच सरकलं नाही. तिनं पुन्हा केलं. मग हात तसेच वर ठेवून ती रडायला लागली. आनंद झाला तर रडायचं कशाला? पण त्या संध्याकाळी मलाही भरून आलं होतं.

तीन दिवसांनी दुर्गाबाई दुकानात. हातात विजयश्रीच्या नव्या ब्रा, मागे स्वतः विजयश्री, चेहरा उतरलेला. दोरीवर टॉवेलखाली वाळत घातलेलं सासूच्या नजरेला पडलं होतं. "भाभी, हे परत घ्या. माझ्या सुनेला काय लहान पोरीचा नंबर घालायलात? श्वास कोंडंल तिचा!"

उद्यापासून महिन्याचा शेवटचा आठवडा होता. हे परत गेलं की विजयश्रीचे हात पुन्हा खाली येणार, हे मला कळत होतं. मी खिळ्यावर नुसती लटकत होते. आयुष्यात पहिल्यांदा मला ओरडावंसं वाटलं.

भाभींनी वाद घातला नाही. "दुर्गाताई, छत्तीस हा नंबर कुणी काढला होता?"

"काढायचा कशाला? माझ्या सासूबाईंचा हाय. सरूबाईंचा. मी लग्न होऊन आले तवा त्यांनीच आणून दिल्या."

"आणि त्यांना कुणी सांगितला?"

ते आता विचारायचं कुणाला? सरूबाई वारून कैक वर्षं झाली होती. विजयश्री हळूच म्हणाली, "आत्या, हे घातल्यापासून माझी लाइन एकदाही थांबली नाही." दुर्गाबाईंनी सुनेकडे पाहिलं, हातातल्या कपड्यांकडे पाहिलं आणि ते तिच्या हातात कोंबले. "महिना संपंपर्यंत घाल. मग बघू." निघताना मात्र त्यांनी बोटानं आपल्या बगलेतला पट्टा सोडवल्यासारखा केला. तेही मी पाहिलं.

महिना संपला. दुर्गाबाई एकट्याच आल्या. "पोरीचं काँट्रॅक्ट वाढलं," त्या म्हणाल्या आणि स्टुलावर टेकल्या. मग पदरानं मान पुसली. "भाभी, संध्याकाळी काढल्यावर अंगावर लाल वळ असतात माझ्या. मला वाटायचं, बायकांना असतंच. तुमची ती टेप लावा जरा."

पडद्यामागे मी त्यांच्याभोवती फिरले. चाळीस. छत्तीस आकडा सुनेला सैल होता आणि सासूला घट्ट, आणि दोघींनी तो निमूट घातला होता. हे कोडं मला आजही सुटलेलं नाही. भाभींनी चाळीसची दिली, हूक लावला. दुर्गाबाईंनी श्वास घेतला. आधी थोडासा, बिचकत, नंतर पोटापर्यंत. मग त्यांना दुकान, रस्ता, कशाचंच भान राहिलं नाही.

"अगं बया! चाळीस!" त्या ओरडल्या. "चाळीस हाय माझा!"

आरोळी गल्लीपार गेली. बाहेर ओट्यावर मशीन थांबलं. हनीफभाईंनी मान वळवली नाही. जुनी सवय, दुसरं काय. रस्त्याकडे पाहतच त्यांनी भाभींचं कासारवाडीचं उत्तर मोठ्यानं दिलं, "लिहिलं! पुढं?"

भाभींनी तोंडावर हात ठेवला. मग पडद्याआडून दुर्गाबाईंचं हसू फुटलं, मोकळं, पोट धरून. नव्या पट्ट्यात हसायला जागा झाली होती.

मित्रांनो, ए-बी-सी मला अजून कळत नाही आणि मी आता कळायच्या वयाचीही राहिले नाही. माझी एवढीच विनवणी आहे. तुमच्या घरात आई असेल, ताई असेल, आजी असेल. कुणाचा तरी जुना आकडा त्या निमूट अंगावर वागवत असतील. अंग बदलतं. अधूनमधून त्यांना टेप लावायला सांगा. आणि जो आकडा येईल तो खुशाल मोठ्यानं सांगू द्या. आम्ही लिहून घ्यायला बसलोच आहोत.