अत्तरखान्यातले जावई

गावाचं सगळं सांडपाणी उतारानं खाली यायचं आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका खोल विहिरीत गोळा व्हायचं. तिथून पंप ते उपसून पलीकडच्या टाक्यांकडे ढकलायचा. त्या पंपघराला सगळं गाव अत्तरखाना म्हणायचं. पत्ता सांगताना, भांडताना, पालिकेच्या सभेतसुद्धा.

अत्तरखाना माझी आत्या चालवायची. हो, बाईमाणूस. नाक मुरडायचं असेल त्यांनी आत्ताच मुरडून घ्यावं. ती या कामाला लागली तेव्हा वरच्या आळीतल्या बायकांनी तिच्या शेजारी बसणं सोडलं. आपली घाण तिच्याकडे पाठवणं मात्र एक दिवस सोडलं नाही.

पंप दोन होते. आत्या त्यांना जावई म्हणायची, कारण कितीही करा, रुसायचे ते रुसायचेच. थोरले कायमचे रुसून बसले होते. त्यांचेच भाग काढून काढून तिनं धाकट्यांना जगवलं होतं. धाकटेही थांबले तर पाणी माघारी फिरणार आणि सगळ्यात आधी आमच्या मोऱ्यांतून वर येणार, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

मी तेव्हा वेल्डिंगच्या दुकानात कामाला होतो. दुपारचा डबा खायला अत्तरखान्यातच जायचो. चुन्यानं रंगवलेल्या भिंती, खिडकीत वाळत टाकलेली फडकी, ग्रीस आणि साबणाचा वास. आणि ती घरघर. आम्ही तिच्यावर आवाज चढवून बोलायचो, म्हणून आमच्या घरात आजही साधं मीठ मागितलं तरी भांडण वाटतं. जेवता जेवता आत्याचा घास हवेतच थांबायचा, ती कान द्यायची, 'ठीक आहेत' म्हणायची आणि मग घास तोंडात जायचा. आता तिथं कुलूप आहे, कुठूनतरी बटणावर सगळं चालतं. भाकरतुकडा खायला तिथं कुणी बसत नाही. मला ती घरघर अजून आठवते आणि तेवढी शांत झोप मला नंतर कुठंच लागली नाही.

तर, नव्या पंपासाठी वरून निधी मिळणार होता. पालिकेच्या इंजिनियरनं अर्ज धाडला. काही महिन्यांनी उत्तर आलं: 'सुगंधी द्रव्यांच्या उद्योगास सार्वजनिक निधी देता येत नाही.'

शहाण्यानं अर्जात लिहिलं होतं, 'अत्तरखान्याची क्षमता वाढवणे.' अध्यक्षांनी सही ठोकली, सभेनं एकमतानं मंजूर केलं, एकालाही खटकलं नाही! गाव पोट धरधरून हसलं.

"हसा," आत्या म्हणाली. "मोरीतून वर आलं की कानात फाया घालून फिरा."

खुलासा गेला. मग निधीवाले साहेब स्वतः बघायला येणार असं ठरलं. आदल्या दिवशी इंजिनियर नाकाला रुमाल लावून अत्तरखान्यात आला.

"आत्या, उद्या साहेब आले की पंप जरा बंद ठेवा."

"जरा म्हणजे?"

"म्हणजे... पाणी दिसेल इतका."

"कुणाच्या घरात दिसेल इतका?"

तो रुमालात काहीतरी पुटपुटला.

"तुझी मोरी वरच्या आळीत आहे रे बाबा. आमच्या शेजारी बाळंतीण निजलीय, जमिनीवर. तिच्या अंथरुणात नेऊन दाखवू का तुझ्या साहेबाला?"

"चालत्या गाडीला कुणी चाकं देत नाही, आत्या."

मला त्याचं पटलं. म्हटलं, "एक दिवस सोसू की. खोटं थोडंच आहे?"

"तू गप रे. घाण येणं वेगळं आणि आणणं वेगळं."

दुसऱ्या दिवशी तिनं फरशी घासून लख्ख केली, धाकट्यांना पुसून चकाचक केलं. पाहुण्यांपुढं घर अस्ताव्यस्त ठेवणं तिच्या रक्तात नव्हतं. साहेब आले, त्यांनी सावधपणे श्वास घेतला आणि खूश झाले.

"वा! इतकं नीटनेटकं पंपघर मी कुठं पाहिलं नाही. पंप तर उत्तम चालतोय."

"साहेब, तो माझ्या जिवावर चालतोय. दुसरा मेलाय, हा बघा. हाही कधी डोळे मिटेल सांगता येत नाही."

"तुमच्यासारखी माणसं असताना काय काळजी?" साहेब म्हणाले. "ज्यांची खरी निकड आहे त्यांना आधी द्यावं लागतं."

निधी दुसऱ्या गावाला गेला. तिथं दोन्ही पंपांना कुणी वर्षानुवर्षं ग्रीससुद्धा लावलं नव्हतं. ज्यांनी मारले त्यांना नवे, जिनं जगवला तिला शाबासकी. शाबासकीनं विहीर उपसली जात नाही, हे त्या निधीवाल्यांना कोण सांगणार?

उन्हाळा सरता सरता, भर दुपारी, धाकट्यांचं वायंडिंग जळलं. आत्या पळत गल्लीत आली, "बाळंतीण उचला!" एवढंच ओरडली. आम्ही मायलेकरांना माळ्यावर चढवलं तोवर मोऱ्या उलटल्या होत्या. पुढचं लिहीत नाही. ज्याच्या चुलीपर्यंत ते पाणी आलंय त्याला सांगायला नको, आणि ज्याच्या आलं नाही त्याला सांगून कळत नाही.

मग फोटोवाले आले. गमबूट घालून पुढारी आले. जो निधी नव्हता तो लगोलग निघाला. मागितला होता एक पंप, मिळाले दोन.

इंजिनियर पायजमा खोचून आमच्या दारात उभा राहिला. "आत्या, तेव्हा ऐकलं असतंत तर..."

आत्या उंबरा खरवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तर आलं असतं हेच. फक्त मला गल्लीत तोंड दाखवता आलं नसतं. आता तू दाखव."

उद्घाटनाचा मांडव वरच्या अंगाला, वाऱ्यानं वास येणार नाही अशा जागी घातला. भाषणं आम्हाला भोंग्यातून ऐकू येत होती. आमच्या गल्लीतलं कुणीही गेलं नाही. आम्ही चेंबरचं झाकण उघडून भोवती उभे होतो. आत काळं पाणी तोंडाशी तुंबलेलं. बाळंतीणही लेकराला खांद्यावर घेऊन वाकून बघत होती.

टाळ्या झाल्या. जमिनीतून हलकी थरथर आली. पाणी क्षणभर तसंच राहिलं आणि मग भोवरा घेत खाली गेलं.

"उतरलं! अगं, उतरलं!" बायका एकमेकींचे दंड धरून ओरडू लागल्या.

आत्या गुडघ्यावर बसून तळ दिसेपर्यंत बघत राहिली. मग उठली, हात पदराला पुसले.

"लावा आता झाकण," ती म्हणाली. "काय घाण वास येतोय!"