पाचव्या तारेचं दुःख

आपल्याला माणसांचा तिटकारा नाही, असं दुआनबाई सांगत. तिटकारा आहे तो न वाचणाऱ्या माणसांचा. आता सगळ्या छांगशू शहरात तेवढीच माणसं उरली असतील, तर त्याला त्या काय करणार?

तिथल्या संगीत विद्यालयात त्या छिन शिकवत. सात तारांचं हे लांबट वाद्य मेजावर आडवं ठेवून वाजवायचं. शिवाय जुन्या शास्त्रग्रंथांचा एक तासही त्या घेत. बैलापुढे छिन वाजवू नये, असं जुने लोक सांगून गेलेत. दुआनबाईंच्या समोर वर्गभर बैल बसत, आणि त्यातले निम्मे मेजाखाली फोन बघत.

या वर्षी तो तासच बंद पडायची वेळ आली. नवे उपसंचालक पांगसाहेब पर्यटन खात्यातून बदलून आले होते आणि आल्याआल्या त्यांनी प्रत्येक विषयाचा उपयोग तपासायला घेतला. शुक्रवारी ते बाईंच्या वर्गात येऊन बसणार होते. जुन्या पुस्तकांचा आजच्या मुलांना काय उपयोग, ते बाईंनी त्यांना दाखवायचं. नाही जमलं, तर पुढच्या सत्रापासून त्या तासाला ‘रंगमंचावरचा वावर’ हा विषय.

“म्हणजे नेमकं काय शिकवणार?” बाईंनी विचारलं होतं.

“स्टेजवर कसं चालायचं, कसं बसायचं.”

“ते पोरं दीड वर्षाची झाली की आपोआप शिकतात,” असं म्हणून बाई तिथून निघून आल्या होत्या.

सोमवारी वर्गात हुओ सिछी नावाच्या मुलीने तोंड उघडलं. हात चांगला, पण जीभ त्याहून चांगली, अशी ही मुलगी.

“बाई, या पुस्तकात कुठली तार, कुठल्या बोटाने, कुठे दाबायची, सगळं लिहिलंय. पण स्वर किती वेळ धरायचा ते लिहायचंच राहिलंय. इतकं साधं ज्याला सुचलं नाही, त्याचं आम्ही का वाचायचं?”

वर्ग हसला. बैलांनाही हसता येतं, हे बाईंना ठाऊक होतं.

“पहिल्या खंडातलं स्वरमेळांचं प्रकरण हाताने उतरवून आण,” त्या म्हणाल्या. “फोटो काढून आणायचं नाही.”

“सगळं?”

“अर्धं उतरवलंस तर अर्धीच अक्कल येईल. आधीच तुटवडा आहे.”

ते प्रकरण म्हणजे शिक्षेलाच योग्य होतं. बाईंच्या प्रतीची बाकीची पानं हाताळून हाताळून मऊ पडली होती, त्या प्रकरणाची मात्र दुकानातून आणली तशी करकरीत होती.

शुक्रवारसाठी बाईंनी त्याच ग्रंथातली ‘वेतबनातली वाट’ ही रचना काढली. या रचनेनेच त्यांचं नाव झालं होतं. तिच्यात पाचवी तार पुन्हा पुन्हा मोकळी छेडावी लागते, आणि दर वेळी ती शेजारच्या स्वराला घासून कडू लागते. हे राजाने हद्दपार केलेल्या अधिकाऱ्याचं दुःख आहे, ते गुळगुळीत करायचं नाही, असं त्यांचे गुरुजी सांगत. बाईंनी त्या कडवटपणावर एक लांबलचक लेख लिहिला होता आणि तो कडवटपणा पोरांच्या पिढ्यांना घोटून घोटून शिकवला होता. काही वादक ती तार टाळून तो स्वर भलतीकडूनच काढत. त्यांच्याबद्दल बाई एवढंच म्हणत, “पचत नाही त्यांना.”

गुरुवारी दुपारी सिछी कागद घेऊन आली. अळंबीच्या तेलातल्या शेवया खाता खाता लिहिलं होतं, हे कागदांकडे बघूनच कळत होतं.

“बाई, एक विचारू? रागावणार नाही ना?”

“रागावणार. विचार.”

“या प्रकरणात कुठली रचना कुठल्या मेळातली, ते दिलंय. ‘वेतबनातली वाट’ ज्या मेळात आहे, तिथे लिहिलंय की पाचवी तार अर्ध्या स्वराने चढवून घ्यावी.”

“तार चढवायची असली की ते रचनेच्या माथ्यावर लिहितात. पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं हे.”

“या माणसाने नाही लिहिलं. इथे एकदा सांगितलं आणि पुढे म्हणतो, आता पुन्हा सांगणार नाही.” सिछीने पानावर बोट ठेवलं. “मला वाटलं तुम्हाला माहीत असणार. आमची परीक्षा बघायला म्हणून मुद्दाम तसं वाजवत असणार.”

तिच्या आवाजात टोमणा असता, तर बाईंना बरं वाटलं असतं. पण तसं काही नव्हतं.

“कोंबडी नाचल्यासारखं अक्षर आहे तुझं,” बाई म्हणाल्या. “जा आता.”

पोरगी गेल्यावर त्यांनी वाद्याच्या पोटाखाली हात घालून खुंटी पिळली, पाचवी तार जराशी चढवली आणि पहिल्यापासून वाजवायला घेतलं.

दुःख नाहीसं झालं. अधिकारी मुळी हद्दपार झालाच नव्हता. बाबाजी थोडी घेऊन मजेत घरी निघाला होता आणि वाटेत त्याला कुणी ओळखीचं भेटलं होतं.

बाईंनी आधी सिछीला मूर्ख म्हणून पाहिलं. ते जमेना. मग पुस्तक लिहिणाऱ्याला म्हटलं, एकदाच सांगतो म्हणे, शहाणाच आहे. मग गुरुजींची पाळी आली. म्हणजे त्यांनीही ते प्रकरण उघडलं नव्हतं तर. नावं ठेवायला आता एकच माणूस उरलं होतं. बाई उठल्या आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.

कडू वाजवावं आणि गप्प बसावं, हे सोपं होतं. पांगसाहेबांसारख्या माणसांना दुःख फार आवडतं. पण दुःखाने पुस्तकाचा उपयोग काही सिद्ध होत नव्हता. तो सिद्ध करायला बाईंकडे एकच पुरावा होता, आणि तो त्यांच्याच तोंडाला काळं फासणारा होता.

शुक्रवारी पांगसाहेब चहाचा थर्मास घेऊन मागच्या बाकावर बसले. बाईंनी नेहमीसारखं वाजवलं. पाचव्या तारेपाशी साहेबांनी डोळे मिटून घेतले.

“किती आर्त आहे हो,” वाजवणं संपल्यावर ते म्हणाले. “पाहुण्यांपुढे हेच ठेवायला हवं.”

“चुकीचं आहे ते,” बाई म्हणाल्या. “सिछी, ऊठ. ती ओळ वाच.”

सिछीने वाचली. बाईंनी सगळ्यांसमोर खुंटी पिळली आणि तीच रचना पुन्हा वाजवली. मेजाखालचे हात एकेक करून वर आले. पुढच्या बाकावरचा एक बैल चक्क पायाने ठेका धरून बसला.

“बाई, मला पहिलंच आवडलं,” पांगसाहेब म्हणाले. “त्यात भाव होता.”

“भाव नव्हता, तार उतरलेली होती. इतकी वर्षं मी उतरलेल्या तारेवर पोरांना रडायला शिकवलं. तुम्हीही आत्ता त्याच बेतात होतात.”

“म्हणजे चूक तुमची. तसं लिहू का अहवालात?”

“लिहा. ठळक लिहा.”

साहेबांना एवढ्या सहज काही मिळायची सवय नव्हती. ते थोडे गडबडले. “पण मग ही एक ओळ सगळ्यांच्या फोनवर पाठवून देऊ की. त्यासाठी अख्खा तास कशाला?”

“पुस्तक माझ्या कपाटातच होतं, साहेब. यापेक्षा जवळ कुठे पाठवणार? मी वाचलं नाही. माझ्या गुरुजींनी वाचलं नाही. या पोरीला बळंच उतरवायला बसवलं, तेव्हा कुठे ते वाचलं गेलं. तास त्यासाठीच असतो.”

पांगसाहेबांनी थर्मासचं झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. “एक सत्र,” ते म्हणाले. “मग बघू.” आणि दारातून, स्टेजवर कसं चालू नये ते दाखवत, बाहेर पडले.

वर्ग रिकामा झाला, तरी सिछी रेंगाळली. “बाई, माझी शिक्षा संपली ना?”

“पुढचं प्रकरण आहे. बांबूच्या नळ्या धान्याच्या दाण्यांनी मोजून स्वर कसे ठरवायचे ते.”

“तेही मीच उतरवायचं?”

“तुझं अक्षर मला पुन्हा बघवणार नाही. तू वाच.” बाईंनी कागद पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढलं.

सिछी वाचू लागली. दाणा कुठल्या जमिनीतला घ्यावा, कुठला घेऊ नये, घेतलाच तर तो कुणी निवडावा. पान संपत आलं, तरी नळीचा पत्ता नव्हता.

“काय पाल्हाळ लावलंय,” बाई लिहिता लिहिता म्हणाल्या. “जिवंत असता, तर वर्गाबाहेर उभा केला असता मी याला.”

“मग सोडू का हे पान?”

“वाच,” बाई म्हणाल्या.