लांबच्या रस्त्याची गाडी

स्नेहाने काळ्या गाडीचं हँडल धरलं आणि गाडी सुरू न करताच दुकानासमोरच्या चढावर ढकलायला सुरुवात केली. चढ फार नव्हता, पण गाडी दीडशे सीसीची, अंगाने भारी. अर्ध्यावर ती थांबली, पाय रोवले, पुन्हा जोर लावला आणि वर डांबरी रस्त्याच्या कडेला नेऊन गाडी स्टँडवर लावली.

"पोरी, गाडी बसून बघत्यात," निजामभाई खालून ओरडले. "तू तर भाजीचा गाडा लोटल्यागत लोटती."

"चालू असल्यावर सगळ्याच चांगल्या असतात, चाचा. बंद पडल्यावर मला झेपती का, ते बघते."

तिचा बाप खंडू जुन्या टायरांच्या ढिगावर बसून हे बघत होता. त्याने आयुष्यात ज्या गाड्या घेतल्या त्या रंग आणि आवाज बघून घेतल्या. पोरीने मात्र सकाळपासून रंगाचा शब्द काढला नव्हता. प्रत्येक गाडीवर बसून दोन्ही पाय पुरते टेकतात का ते बघितलं. दुकानाच्या आतल्या अंधारात हेडलाइट लावून उजेड भिंतीवर कुठवर पडतो ते बघितलं. क्लचची केबल तुटली तर घोडेगावात मिळेल का, असं विचारलं तेव्हा निजामभाईंनी तोंडातली तंबाखू थुंकून तिच्याकडे नीट वळून पाहिलं होतं.

मंचरला निजामभाईंचं जुन्या गाड्यांचं दुकान होतं. माणूस मूळचा जुन्नरचा. खंडूची आणि त्यांची ओळख दुकान बांधलं तेव्हापासूनची. खंडू गवंडी, भिंती त्याच्याच हातच्या होत्या.

स्नेहाला नर्सची सरकारी नोकरी लागली होती. उपकेंद्र डिंभ्याच्या पुढे, धरणाच्या कडेला एका वाडीत. घर लोणीला, म्हणजे तालुक्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. जाऊन येऊन शंभराच्या वर किलोमीटर, तेही रोज. भावकीतल्या सगळ्यांनी तिला तिकडेच राहायला सांगितलं. ती म्हणाली, रोज जाऊन येऊन करीन, गाडी चांगली घेऊ. कारण कोणी विचारलं की रस्ता आता चांगला झालाय म्हणायची.

खरं कारण खंडूला ठाऊक होतं. त्याच्या बायकोला, जानकाबाईला जाऊन वर्षही झालं नव्हतं. घरात आता तो आणि पोरगी, दोघंच. स्नेहा दोन दिवस मैत्रिणीच्या लग्नाला गेली होती, तेव्हा त्याने चूल पेटवली नव्हती. परत आल्यावर तिने भाकरीचं टोपलं उघडून बघितलं, झाकून ठेवलं आणि परातीत पीठ घेतलं. रोज येण्याजाण्याची भाषा तिने त्याच रात्री काढली. खंडूनेही नको म्हटलं नाही. त्याला बरं वाटलं होतं.

"हीच," स्नेहा काळ्या गाडीच्या टाकीवर हात ठेवून म्हणाली.

"हीच, पण आज नाय," निजामभाई म्हणाले. "आज घरी न्यायची. उद्या ड्यूटीला ज्या टायमाला निघणार त्याच टायमाला निघायचं, त्याच रस्त्यानं जाऊन यायचं. सांजच्याला मला सांगायचं, कंबर काय म्हणती ते. लांबच्या धावंची गाडी मी अशीच देतो. खंडूभाऊ, तुमी मागं बसा. वजन टाकल्याबिगर गाडी खरं सांगत न्हाई."

*

सकाळी लोणीतून निघाले तेव्हा अंगावर काटा येईल अशी थंडी होती. खंडू मागे बसला आणि हात कुठे ठेवावेत हे त्याला कळेना. आजवर तो कायम पुढे असायचा. मागे जानकाबाई, एका बाजूला पाय सोडून, एक हात त्याच्या खांद्यावर, दुसऱ्यात पिशवी. पोरीच्या खांद्यावर हात ठेवणं त्याला बरं वाटेना. त्याने मागचा लोखंडी दांडा धरला.

पारगावच्या अलीकडे उसाच्या ट्रॉल्या लागल्या. कारखाना चालू होता. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी ऊस रस्त्यावर लोंबलेला, मागे दिव्याचा पत्ता नाही.

"हळू," खंडू म्हणाला, आणि त्याचं त्यालाच चमकल्यासारखं झालं. हा शब्द आजवर मागून त्याच्या कानावर पडायचा. तो तेव्हा गाडी जास्तच पिळायचा.

स्नेहाने वेग कमी केला. हॉर्न वाजवला नाही. ट्रॉलीपासून अंतर ठेवून मागेमागे राहिली, थोडी उजवीकडे सरकली, आणि ड्रायव्हरचा चेहरा त्याच्या आरशात दिसेपर्यंत तशीच चालवत राहिली. ड्रायव्हरने आरशात बघून हात हलवला. मग तिने गिअर बदलला आणि गाडी एका दमात दोन्ही ट्रॉल्यांच्या पुढे नेली.

"आपण त्याला दिसलो का, ते आधी बघायचं," ती मान न वळवता म्हणाली. "आपल्याला तो दिसून काय उपयोग?"

"कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. तुमच्या मागं बसून भीती वाटायची, तेव्हा विचार करायचे."

खंडू हसला. वाऱ्याने डोळ्यांतून पाणी आलं ते त्याने बाहीने पुसलं. ती गाडी चालवत होती त्यात कुठे घाई नव्हती, कुठे भीतीही नव्हती. खड्डा यायच्या आधीच ती जराशी उभी राहायची, की खंडूही मागे उठायचा. मंचरपर्यंत दोघांचं ते जमून गेलं.

घोडेगावच्या चौकात चहाला थांबले. लोणीचाच दादाभाऊ तिथे तहसीलच्या कामाला आलेला. त्याने पोरीला हेल्मेट काढताना बघितलं, मग मागून उतरणाऱ्या खंडूला बघितलं.

"काय खंडूभाऊ, ड्रायव्हर ठेवला का राव?"

"मंग! सरकारी हाय," खंडू म्हणाला. "तुझ्यासारखा शेअर जीपला लोंबकळत येतो का काय मी?"

टपरीवरचे सगळे हसले. दादाभाऊ स्वतःही हसला आणि चहाचे पैसे त्यानेच दिले.

घोडेगाव सोडलं की उसाची हिरवळ संपते आणि डोंगर जवळ यायला लागतात. डिंभ्याला धरणाची भिंत दिसली. पुढे वळणावळणाचा रस्ता पाण्याच्या कडेने गेला. इथे काळी गाडी जराशी कुरकुरायला लागली. रस्ता अरुंद, वळणं अंगावर येणारी. स्नेहाला सारखी पहिल्या गिअरवर यावं लागत होतं. वाडीत शिरताना पायवाटेएवढ्याच कच्च्या रस्त्यावर तर तिने खंडूला उतरवलं आणि गाडी पाय टेकवत टेकवत नेली. तरी तिने तक्रार केली नाही.

उपकेंद्र म्हणजे तीन खोल्यांची पिवळी इमारत. दाराशी आशा कार्यकर्त्या भागूबाई उभ्या होत्या. खांद्यावर लशीचा निळा डबा. पलीकडच्या वाडीतून चालत आल्या होत्या, पदराने मान पुसत होत्या. बाजूला त्यांची सून हर्षाली, नवव्या महिन्यातली, भिंतीला टेकून बसलेली.

"आल्या नर्सबाई आपल्या," भागूबाई म्हणाल्या. "आन् फटफटीवर! हे कोण, बाबा व्हय तुमचे? मोठी मागं बसायची हिंमत केली, पावणं!"

"सवय करतोय," खंडू म्हणाला.

रुजू व्हायला अजून चार दिवस होते, पण स्नेहाने गाडीवरचा गारठा तसाच अंगावर घेऊन हर्षालीला आत नेलं. दार उघडंच होतं. खंडू पायरीवर बसला. पोरीचा आवाज ऐकू येत होता. घरी ती इतकी मऊ बोलत नसे. पायाला सूज किती दिवस आहे, रात्री झोप लागते का, पोटातलं बाळ सकाळपासून हललं का. हर्षाली आधी एकेका शब्दात उत्तरं देत होती, मग हळूहळू बोलायला लागली. मग एकदम दोघी हसल्या. कशाला, ते खंडूला कळलं नाही. पण तो पायरीवर बसून राहिला तो ते हसू ऐकतच.

थोड्या वेळाने हर्षालीचा आवाज आला.

"बाई, तुमी रातीला असाल का?"



"आधीच्या बाई लई चांगल्या व्हत्या," भागूबाई म्हणाल्या. "पण त्यांची लेकरं मंचरला. चारच्या गाडीला त्यांना जावंच लागायचं. बाकी लेकरू काय टाइम बघून येत न्हाई."

स्नेहा दारापर्यंत आली. तिने पायरीवरच्या बापाकडे पाहिलं आणि वळली.

"मी सकाळी नऊला येईन," ती हर्षालीला म्हणाली. "कधी वाटलं तर फोन कर. गाडी आहे माझ्याकडं."

खंडू उठला. पाय मोकळे करायला म्हणून इमारतीच्या मागे गेला. मागे नर्ससाठी बांधलेल्या दोन खोल्या होत्या. भागूबाईंनी किल्ली आणून दिली. त्याने दार उघडलं आणि उंबऱ्यातच थांबून आधी छताकडे पाहिलं. स्लॅबला ओल नव्हती. आत जाऊन त्याने बोटांच्या पेरांनी भिंत वाजवली, खालपासून वरपर्यंत. एका कोपऱ्यात गिलावा पोकळ बोलला. तिथे त्याने नखाने खूण केली. खिडकी उघडून बंद केली, पुन्हा उघडली. खिडकीतून धरणाचं पाणी दिसत होतं. मोरीत पाणी ओतून ते कुठे जातं ते बघितलं. मग स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभा राहिला आणि आपला पंजा ओट्यावर उभा धरून माप घेतलं.

स्नेहा त्याला शोधत आली.

"हिथं काय करताय?"

"वटा कमी हाय," खंडू म्हणाला. "तुझ्या उंचीला वाकावं लागंल. एक थर चढवावा लागंल."

तिने ओट्याकडे पाहिलं आणि खिडकी लावून घेतली.

"दादा, मी इथं राहणार नाही."

"मी कुठं म्हणलं राहा? वटा कमी हाय, एवढंच म्हणलं."

*

दोघं परतीला निघाले. उन्हं कलली तसे ते मंचरला पोचले. निजामभाई दुकानातल्या गाड्या आत घेत होते.

"काय म्हणती कंबर?"

"गाडी लई झ्याक हाय," खंडू म्हणाला. "आन् पोरगी गाडी काय चालवती, निजामभाई! आमाला जन्मात जमलं नाय तसं चालवती. उसाच्या ट्रॉलीवाल्यानं हात करून वाट दिली."

"मग कागद काढू?"

"नको. ही लांबच्या रस्त्याची हाय. वाडी-वस्तीत हिंडायसारखी काही असंल तर दाखवा. हलकी पायजे. पायापाशी लशीचा डबा बसला पायजे."

निजामभाईंनी खंडूकडे पाहिलं, मग स्नेहाकडे. स्नेहा हेल्मेटच्या पट्ट्याचं बक्कल लावत होती, काढत होती.

"आन् तुमी?" ती म्हणाली.

"मी काय? रविवारी येईन एसटीनं."

"एसटी त्या वाडीच्या फाट्याला कधी येती आन् कधी जाती, कुणाला तरी ठावं आहे का?"

"न्हाई गावली परतीची, तर राहीन मुक्कामाला. तेवढ्यात तुझा वटा तरी व्हईल."

"जेवणाचं?"

"तुझी आई गेली, हात न्हाई गेले माझे," खंडू म्हणाला. "पीठ मळायला शिकव मला. चार दिवस हायेत की अजून."

निजामभाई मागच्या शेडमध्ये गेले आणि एक निळी मोपेड ढकलत घेऊन आले. बारीक चाकांची, पुढे पाय ठेवायला सपाट जागा. दूधवाल्याने विकलेली होती. कॅनच्या कड्या अजून तशाच होत्या.

"दिसायला कशीबी असू दे," ते म्हणाले. "पण हिला जिथं बकरी चढती तिथं न्यावं."

खंडूने वाकून पुढच्या सपाट जागेवर हाताने डब्याचं माप धरलं. बसत होता. त्याने मान हलवली.

स्नेहाने हेल्मेट घातलं. मोपेड एकदाच कुरकुरून सुरू झाली. तिने बापाकडे वळून बघितलं आणि मागच्या सीटवर हात मारला.

"बसा."

"नको. तू एकटीनं बघ," खंडू म्हणाला.

ती गेली. गल्लीच्या टोकाला दिवा लावला, वळली आणि दिसेनाशी झाली. मोपेडचा बारीक आवाज काही वेळ बाजारातल्या इतर आवाजांतून वेगळा ओळखू येत होता. मग तोही येईना. निजामभाईंनी खुर्ची पुढे सरकवली.

"बसा खंडूभाऊ. येईल आत्ता."

"येऊ द्या सावकाश," खंडू म्हणाला, आणि उभाच राहिला.